राखाडी पलटणीचे डगले

८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे. तुम्ही मायलेकीही मजेत असाल असं धरून चालतो, कारण नसता तेव्हा तुझ्या आईचं पत्र आधी येऊन थडकतं.

सोबतच्या डबीत कापसात गुंडाळलेला एक ढोलकरी आहे. उंचीला अंगठ्याच्या पेराहून जरासा जास्त. डबी हळू उघड. मागच्या खेपेला निशाणवाल्याला तू झेंड्याला धरून उचललंस, झेंडा हातात आला, आणि वर मलाच विचारलंस की एवढा नाजूक का केला म्हणून! सैनिकाला नेहमी खालच्या बैठकीला धरून उचलायचं. माणसांनाही हाच नियम लागू करावा असं मला कधीकधी वाटतं.

हा ढोलकरी विकत मिळत नाही बरं. मुळात तो भालेवाला होता. त्याचे दोन्ही हात कोपरापासून बारीक करवतीने कापले, सुईने भोक पाडून तारेचा तुकडा रोवला आणि त्यावर पुट्टी मळून नवे हात घडवले. ढोल म्हणजे पेनाच्या टोपणाचा काप आहे आणि टिपऱ्या म्हणजे माझ्या जुन्या टूथब्रशचे केस. बैठकीवर चाळलेली वाळू चिकटवली आहे, आणि पायाशी जो पालापाचोळा दिसतो तो चहाचा वाळवलेला चोथा आहे. तुझ्या आईला हे सांगू नकोस. या वयात बाहुल्या खेळतो हे तिला अजून पचलेलं नाही, चोथ्याने तर ती कायमची हाय खाईल.

तिला पुन्हा एकदा समजावून सांग की आम्ही खेळतो ती लढाई असते. दर गुरुवारी संध्याकाळी बेकरीच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो. मोठ्या टेबलावर डोंगर, पूल, झाडी मांडायची, दोन्ही बाजूंनी आपापली फौज उभी करायची, आणि मग टेपने अंतर मोजत, फासे टाकत एकमेकांना जेरीस आणायचं. माझा प्रतिस्पर्धी खुद्द बेकरीवाला. यंदा मार्चअखेर आमची मोठी लढाई आहे, नदीकाठची. तिच्यासाठी माझी सबंध राखाडी पलटण उतरवायची आहे. थोडेच सैनिक रंगवायचे राहिलेत. सगळ्यांचे डगले एकाच राखाडी रंगाचे, ओल्या पाटीच्या दगडासारखे. एकाचाही रंग दुसऱ्याहून हलला तर मला चालत नाही. रंगाच्या कारखान्यात उभी हयात शेड जुळवण्यात गेली, ती खोड अशी सुटायची नाही.

ढोलकरी कसा वाटला ते सविस्तर कळव. नुसतं छान म्हणून सुटायचं नाही.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
मामा


१९ फेब्रुवारी

ती. मामास,

सा. न. वि. वि.

ढोलकरी सुखरूप पोचला. बैठकीला धरूनच उचलला. त्याचे गाल फुगलेत आणि जीभ किंचित बाहेर आली आहे, हे मी दवाखान्यातल्या भिंगाखाली पाहिलं. इतक्या लहान तोंडात जीभ करायचं तुला सुचतं तरी कसं? आईने चहाच्या चोथ्याबद्दल विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिने त्याला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली की याला ताप आलाय का.

आता सविस्तर. तू आजवर पाठवलेले सगळे सैनिक मी माझ्या खोलीतल्या कपाटात काचेआड ठेवते, हे तुला माहीत आहे. ढोलकऱ्याला जागा करताना सगळे बाहेर काढले आणि तू पाठवलेस त्या क्रमाने ओळीत उभे केले. तेव्हा एक गंमत दिसली. तुझी पलटण डगले बदलते आहे. पहिला तोफवाला अगदी राखाडी. त्यानंतरचे दोघे-तिघेही तसेच. पण पुढे पुढे डगल्यात निळा चढत गेलाय, आणि हा ढोलकरी तर स्वच्छ निळा आहे, शाळेच्या गणवेशासारखा. चेहऱ्यावरच्या सावल्यासुद्धा आधी तपकिरी होत्या, आता जांभळ्या आहेत. आईला ताप वाटला तो त्यामुळेच.

मला वाटलं, यात तुझी काही कथा असेल. शत्रूचं कापड लुटलं, किंवा पलटणीत नवीन शिंपी आला. मग शंका आली की मलाच भास होतोय. म्हणून सगळे सैनिक दवाखान्यात नेले, आमच्या नर्सबाईंसमोर मिसळून ठेवले, आणि काही न सांगता कमी निळ्यापासून जास्त निळ्यापर्यंत लावायला सांगितले. त्यांनी लावले. तू पाठवलेस तोच क्रम निघाला.

आता खरं सांग, ही कथा आहे ना? नसेल तर माझ्या काही प्रश्नांची उत्तरं दे. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती तुला वलय दिसतं का? काळा मोजा आणि गर्द निळा मोजा यांची जोडी लागते का? पुस्तक हल्ली खिडकीशी नेऊन वाचतोस का? रागावू नकोस, हे प्रश्न मी दिवसभर सगळ्यांना विचारते.

आईचे आशीर्वाद. माझा नमस्कार आणि भोचकपणा, दोन्ही गोड मानून घे.

तुझी,
भिंगरी


२ मार्च

श्रीमती भिंगरीबाई डोळेतपासनीस यांस,

आशीर्वाद आहेत, पण आज जरा मोजून.

तुझं पत्र वाचून मी रागावलो नाही. सकाळभर कुणाशी बोललो नाही एवढंच. अगं, आमच्या कारखान्यात कुणाच्या भिंतीचा रंग डब्याशी जुळला नाही की मालक आधी मला बोलवायचा. मी नमुना दाराशी उजेडात धरायचो आणि सांगायचो, यात तांबडा थेंबभर जास्त झालाय. मशीन नंतर आलं. तेही माझंच म्हणणं सांगायचं, फक्त उशिरा. आणि तू मला सांगतेस की मी राखाडीला निळा करून बसलोय!

आधी मला वाटलं की तुझ्या खोलीतल्या उन्हाने रंग गेले असतील. मग माझं मलाच हसू आलं. ऊन रंग खातं, निळा आणून देत नाही. मग मी माझ्याकडचा सगळ्यात जुना सैनिक आणि परवाच संपवलेला सैनिक पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी उभे केले, खिडकीशी नेले, चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले. मला दोघे सारखेच दिसतात. राखाडी.

गुरुवारी ती बशी बेकरीत नेली आणि बेकरीवाल्याला विचारलं. त्याने दोघांना आळीपाळीने उचलून पाहिलं, घसा खाकरला, आणि मला विचारलं की गरम पाव आत्ताच निघालेत, खाणार का. आता हे कसलं उत्तर? हा माणूस फाशाचा एक ठिपका सोडत नाही, माझ्या टेपचं टोक हलकंसं सरकलं तर दोन्ही हात वर करून ओरडतो. त्याला एका साध्या प्रश्नाचं उत्तर देता येऊ नये?

तुझ्या बाकीच्या प्रश्नांबद्दल. रस्त्यावरच्या दिव्यांना हल्ली केस फुटलेत हे खरं आहे, पण आमच्याकडे धूळ फार. मोजे मी सगळे एकाच रंगाचे घेतो. पुस्तक खिडकीशीच वाचायचं असतं, खिडक्या त्यासाठीच असतात.

विषय संपला. तुझ्या पुढच्या पत्रात माझ्या डोळ्यांखेरीज काहीही चालेल. ताईला नमस्कार सांग.

मामा


११ मार्च

ताईंस,

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमचे मामा ज्याच्याशी दर गुरुवारी लढतात तो बेकरीवाला मी. तुमचा पत्ता मला पाठ आहे, कारण हल्ली त्यांच्या पार्सलवर तो मीच लिहितो. आपल्या ओळी तिरक्या जातात असं ते म्हणतात. पत्र लिहायची मला सवय नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मामांनी मला दोन सैनिक दाखवून ते सारखे आहेत का असं विचारलं होतं. मी उत्तर टाळलं. खरं सांगायचं तर मला प्रश्नच कळला नव्हता. त्यांचे सैनिक निळे होत चाललेत हे आम्ही सगळे बघतोय, पण आम्हाला वाटलं की ते मुद्दाम करताहेत. कारखान्यात रंगात आयुष्य गेलेला माणूस, तो काहीतरी नवीन शोधतोय असं आम्ही समजलो. आमच्यात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्या तर चेहऱ्यावर तशीच जांभळी सावली द्यायला शिकल्या. तिला आम्ही मामाछाया म्हणतो. मामांसमोर कधी म्हटलं नाही, लाजतील म्हणून.

पण त्या बशीनंतर मी विचारात पडलो. पुढच्या गुरुवारी खेळताना त्यांनी आपली तोफ नदीच्या मधोमध नेऊन ठेवली. मला वाटलं चाल आहे. मी विचारलं की तोफ पाण्यात कशी. ते म्हणाले की हा रस्ता आहे. टेबलावर नदी गर्द निळी आहे ताई, आणि रस्ता काळा. मग मी सरळ सांगितलं, की तुमचे डगले निळे आहेत, निदान दोन वर्षं झाली. सगळ्यांसमोर बोललो, एवढं भान ठेवायला हवं होतं.

त्यांनी फौज पेटीत भरली आणि निघाले. जिन्यात त्यांची एक पायरी हुकली. त्यांना लागलं नाही, पेटीतल्या दोन सैनिकांचे भाले तेवढे मोडले. मी सोबत जातो म्हटलं तर नको म्हणाले. त्यानंतर ते आलेले नाहीत. घरी गेलो तर दार अर्धवट उघडून म्हणाले की काम चालू आहे. आत टेबलावर एकही ब्रश नव्हता.

मोठी लढाई मी पुढे ढकलली आहे. टेबल मांडलेलंच आहे, वर चादर घातली आहे. तुम्ही त्या शास्त्रातल्या, म्हणून विचारतो. त्यांचा डोळा बिघडलाय की हात फुललाय? आम्हाला खरंच कळत नाही. बाईंचं म्हणणं असं की दोन्ही एकदम होऊ शकतं.

मामांना हे पत्र दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. कळावे, आणि लवकर कळवावे.

आपला,
बेकरीवाला


१८ मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि.

डोळ्यांखेरीज काहीही लिही म्हणाला होतास. मी ऐकणार नाही हे तुलाही माहीत होतं.

तुझ्या मित्राचं पत्र आलं. चिडू नकोस त्याच्यावर. टेबलावर चादर घालून तो तुझी वाट बघतोय. आणि तू जिन्यात घसरलास हे मला त्याच्याकडून कळावं?

पण हे पत्र दटावायला लिहीत नाही. मी एक शोध लावलाय, तो तुलाच पहिल्यांदा सांगायचा आहे.

आमच्याकडे तपासणीच्या पेटीत रंगीत काचा असतात. काल पेशंट कमी होते. मी ढोलकरी, तोफवाला आणि मधले सगळे टेबलावर मांडले आणि एकेक काच डोळ्यासमोर धरून त्यांच्याकडे पाहत बसले. लाल, हिरवी, काहीच नाही. मग एक गर्द पिवळसर तपकिरी काच होती, काळ्या चहासारखी. ती धरली आणि मामा, मी खुर्चीतून उठले. सगळी पलटण एका रंगाची झाली. तोफवाल्यापासून ढोलकऱ्यापर्यंत सगळे राखाडी, ओल्या पाटीच्या दगडासारखे. जांभळ्या सावल्या तपकिरी झाल्या. काच काढली की निळे, धरली की राखाडी. नर्सबाईंना बोलावलं. त्यांनीही पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

कळलं का तुला, मी काय पाहिलं? तू जे पाहतोस ते मी पाहिलं. तू चुकलेला नाहीस. तुझ्या डोळ्यातलं भिंग वर्षागणिक पिवळं पडत, तपकिरी होत गेलंय. त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. त्यातून निळा आत पोचतच नाही. राखाडी तुला पिवळट वाटायचा, म्हणून तू निळ्याचा थेंब घालायचास. थेंब दिसायचा नाही, म्हणून आणखी घालायचास. तुझ्यापर्यंत जेवढा उजेड येत होता, त्यात तू बरोब्बर शेड जुळवत होतास. खिडकीची काच मळली म्हणून खिडकीशी बसलेला माणूस चुकला असं कुणी म्हणत नाही.

ही काच बदलता येते. आमच्या डॉक्टरीणबाई रोज बदलतात. फार थांबलं तर भिंग कडक होत जातं आणि काम अवघड होतं, हेही खरं. तू ये. नुसतं तपासून तरी घे.

तुझी,
भिंगरी

(उरलेल्या जागेत मी लिहिते. धाकट्या, अ. उ. आ. दोघे मिळून माझ्यापासून काय काय लपवता ते मला सगळं कळलंय, चहाच्या चोथ्यासकट. तुझ्या बाहुल्यांना मी आजवर हसले, पण काल ती काच धरून मीही पाहिलं आणि मला भरून आलं. तू इतकी वर्षं संध्याकाळच्या उजेडात बसला आहेस आणि कुणाला सांगितलं नाहीस. सामान भर. भावाला बोलवायला मी हात जोडणार नाही, कान धरून आणीन. — ताई)


३० मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, या वेळी न मोजता.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. खिडकीशी नेऊन वाचलं, हे मान्य. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा राग आला, मग बेकरीवाल्याचा, मग ढोलकऱ्याचासुद्धा. त्यानंतर एक ओळ डोक्यातून जाईना. मी जे पाहतो ते तू पाहिलंस, ही. आजवर मला कुणी असं म्हटलेलं नव्हतं. कारखान्यात मी काय पाहतो याच्याशी कुणाला घेणं नव्हतं, उत्तराशी होतं.

मी घाबरलोय हे तुला सांगायला हरकत नाही. टेबलावर आडवं पडून डोळ्यात पातं येताना बघायचं, ही कल्पना सैनिकांचे हात कापणाऱ्या मलाही झेपत नाही. पण खरी भीती वेगळीच आहे. नवीन भिंग कुठल्यातरी कारखान्यात बनलेलं असणार. कुणीतरी ठरवलं असणार की ते एवढं पारदर्शक असावं. मग त्यातून मला दिसेल तो राखाडी माझा की त्या कारखान्याचा? मी आयुष्यभर एकाच हत्यारावर जगलो. तेच बदलायचं म्हणतेस. हे तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार. त्यांनी हसून उडवलं तर मी यायचा नाही.

टेबलावर अजून काही सैनिक नुसता अस्तराचा, रंगाआधीचा हात लावून उभे आहेत. रोज त्यांच्यासमोर बसतो. रंग कालवतो, आणि आता माझाच माझ्यावर विश्वास नसल्यामुळे ब्रश धुऊन ठेवतो. हे मात्र सहन होत नाही.

ताईला सांग, कान दुखावू नये म्हणून स्वतःच सामान भरायचा विचार करतोय.

तुझा,
मामा


७ एप्रिल

ती. मामास,

सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न डॉक्टरीणबाईंना जसाच्या तसा वाचून दाखवला. त्या हसल्या नाहीत. हातातलं काम ठेवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाल्या की याचं उत्तर त्यांना येत नाही. पेशंट सांगतात की पहिले काही दिवस सगळं जरा निळं, फार उजळ वाटतं, आणि मग सवय होते. पण ती सवय डोळ्याची की मेंदूची, आणि सवय झाल्यावरचा रंग खरा की आधीचा, हे सांगू शकेल असा पेशंट त्यांच्याकडे अजून आला नाही. शेड जुळवणारा कुणी आलाच नव्हता.

त्यांनी एक सुचवलंय. आधी फक्त उजवा डोळा करू. डावा तसाच राहील. म्हणजे काही दिवस तुझ्याकडे दोन्ही डोळे असतील, जुना आणि नवा, शेजारी शेजारी. तुला बशीत दोन सैनिक ठेवून पाहायची सवय आहेच.

मामा, असं जगात किती जणांना बघायला मिळतं? मला तर तुझा हेवा वाटतो. तू आत जा, बघ, आणि मला सांग. उत्तर डॉक्टरीणबाईंना आणि मलाही हवं आहे.

वरची खोली झाडून ठेवली आहे. आई म्हणते की चोथा तिच्या घरात मिळेल, पण चहा पिऊन झाल्यावर.

वाट पाहतो आहोत, तारीख कळव.

भिंगरी


१५ मे

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. ताईस सा. न.

घरी नीट पोचलो. औषधाचे थेंब वेळेवर घालतो, डोळा चोळत नाही, वाकून काही उचलत नाही. आता हे पुन्हा विचारू नकोस. तुमच्याकडे होतो तेव्हा तुम्ही दोघींनी मला काचेच्या भांड्यासारखं वागवलंत, आणि मी तेवढीच कुरकुर केली. ती कुरकुर म्हणजे आभार होते हे ताईला समजलं असावं.

तुला उत्तर द्यायचं कबूल केलं होतं, ते आता देतो. तुमच्याकडे पट्टी काढली तेव्हा मी फार बोललो नाही, कारण मला आपलं घर बघायचं होतं. दार उघडून आत आलो आणि उजवा डोळा झाकला. तेच घर, मधासारख्या उजेडातलं. मग डावा झाकला. भिंगरी, माझ्या न्हाणीघरातल्या फरश्या निळ्या आहेत. त्या मीच बसवून घेतल्या होत्या, तेव्हा निळ्याच होत्या, आणि त्या कधी मळकट हिरव्या झाल्या ते मला कळलंच नव्हतं. मी तिथे उभा राहून एक डोळा उघडत आणि एक मिटत राहिलो. शेजारचे बघते तर म्हणाले असते की म्हातारा फरशीला डोळे मारतोय.

मग पलटणीची पेटी उघडली. दोन्ही डोळे मिटून उघडली हे तुलाच सांगतो. उजव्या डोळ्याने पाहिलं. किती निळे गं! बेकरीवाला गणवेश म्हणाला नाही हे त्याचे उपकार. पहिल्या दिवशी लाज वाटली. एका सैनिकाला रंग काढायला साबणाच्या पाण्यात घातलंही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई आल्या. मी परत आलोय हे त्यांना बेकरीत कळलं होतं. त्यांनी स्वतःचा एक सैनिक आणला होता आणि मला विचारलं की तुमच्यासारखी सावली साधत नाही, कुठे चुकतंय ते बघा. नव्या डोळ्याने तो पाहिला. गालाखाली, मानेपाशी फिकट जांभळी सावली. त्यांनी ती जाणूनबुजून, हात राखून दिली होती. सैनिकाचा चेहरा थंडीत उभा राहिल्यासारखा दिसत होता. मी त्यांना सगळं सांगितलं, मोतीबिंदूसकट. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या की कारण काहीही असो, सावली चांगली आहे. मग आम्ही दोघे बसून ती सावली कशी कालवायची ते शोधू लागलो. मलाच ती नव्याने शिकावी लागली! साबणातला सैनिक मी बाहेर काढला आणि पुसून ठेवला.

अस्तर लावलेले जे राहिले होते, त्यांच्यावर एक प्रयोग केला. आधी उजवा डोळा झाकून, डाव्याने बघत ढोलकऱ्यांच्या जोडीसाठी दोन वाट्यांत एकच राखाडी कालवला. मग डावा झाकून तपासलं. एका वाटीत राखाडी, दुसऱ्यात चक्क आभाळ. डाव्याला दोन्ही सारखेच. म्हणजे मी जुळवत नव्हतो, अंधारात चाचपडत होतो आणि हात सवयीने बरोबर पडत होता. तू मला बरं वाटावं म्हणून जरा जास्तच कौतुक केलं होतंस. मग उजव्या डोळ्याने कालवला. पेटीतल्या शेवटच्या सैनिकाचा तो निळा, पहिल्याच खेपेला जुळला. ताजा लावलेला कुठला आणि जुना कुठला, हे ओलेपणावरूनच कळत होतं. मग बाकीचे सगळे त्याच निळ्यात रंगवले. मुद्दाम.

आणि तुमच्या डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाचं उत्तर. पहिले काही दिवस सगळं बर्फातल्या उजेडासारखं होतं. आता फरश्या निवल्या आहेत. पण मला वाटतं निवल्या त्या फरश्या नाहीत, मी निवलोय. रंग खरा कुठला ते मला अजून सांगता येत नाही. दुसरा डोळा झाला की दोन्हीकडून बघून पुन्हा कळवीन. माझा की कारखान्याचा, हे विचारायचं मात्र मी सोडून दिलं. बघण्यातच इतका वेळ जातो.

गुरुवारी लढाई आहे. चादर निघणार.

तुझ्या काचांच्या पेटीचा ऋणी,
मामा


२३ मे

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

लढाई झाली. मी हरलो. इतका वाईट हरलो की बेकरीवाल्यालाही गोडी वाटली नाही. पण का हरलो ते तुला सांगायलाच हवं. मी शुद्धीवर नव्हतो असं क्लबात पसरलं आहे.

सुरुवात छान झाली होती. तोफ या वेळी रस्त्यावर होती, मी दोनदा खात्री केली. पलटण पुलाकडे निघाली, एका टोकाला राखाडी, दुसऱ्या टोकाला निळी. मध्ये कुठे रंग बदलला ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. नव्याने आलेल्या एकाने विचारलं की ही रंगांची उतरण कशी साधली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की वेळ लागतो.

मग बेकरीवाल्याने टेकडीमागून आपलं घोडदळ काढलं. हे घोडदळ त्याने दीडदोन वर्षांपूर्वी रंगवायला घेतलं होतं, भट्टी थंड झाल्यावर रोज थोडं थोडं. मी ते अनेकदा पाहिलंय, त्याच्याशी अनेकदा लढलोय. आणि प्रत्येक वेळी त्याची खेचलीय, की तुझे स्वार मयताला निघाल्यासारखे काळे का, एखाद्या झग्याला रंग लावायला तुला वेळ झाला नाही का. तो हसायचा आणि फासे टाकायचा. उलट कधी बोलला नाही.

त्यांचे झगे जांभळे आहेत, भिंगरी. एकसारखे जांभळेही नाहीत. खांद्यावर फिकट, चुणीत गर्द, आणि वाऱ्याने उलटलेल्या काठाला आतून निळं अस्तर. प्रत्येक काठाला केसाएवढी रुपेरी रेघ आहे. एका स्वाराचा झगा पावसात भिजल्यासारखा जड रंगवलाय, शेजारच्याचा कोरडा आहे. घोड्यांच्या काळ्या अंगावर ऊन पडतं तिथे निळसर चमक आहे. पीठ मळणाऱ्या त्या जाड बोटांनी हे केलंय. आणि त्याच्यासमोर बसून, टेबलाच्या एवढ्याशा अंतरावरून, मी त्याला काळं म्हणत आलो.

मी खाली वाकलो आणि डावा डोळा झाकून एकेक स्वार बघू लागलो. माझी पाळी आली, गेली. सगळे चाल करा म्हणत होते. मी कुठलीशी चाल केली, बहुधा चुकीची. त्याचे स्वार माझ्या निळ्या रांगेवर येऊन धडकले तेव्हा मी ते जवळून बघायला मिळाले म्हणून खूश होतो. पलटण फुटली. ढोलकऱ्यांची जोडीही गेली.

डाव संपल्यावर मी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, की मी तुझं घोडदळ आज पहिल्यांदा पाहिलं. एकेक स्वार हातात घेऊन मला काय दिसलं ते सांगितलं, त्या उलटलेल्या काठांपर्यंत. शेड जुळवणारा जसं सांगतो तसं, काही न वगळता. तो मान खाली घालून टेबलावरची झाडं गोळा करत होता. एक झाड त्याने दोनदा उचललं आणि दोनदा तिथेच ठेवलं. मग म्हणाला की खाली भट्टी बघायला हवी, आणि जिना उतरून गेला. त्या वेळी भट्टी बंद होती. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी त्याच्या मागे गेलं नाही.

बऱ्याच वेळाने तो वर आला. डोळे धुतलेले होते. त्याने मला विचारलं की दुसरा डोळा कधी करणार. मी म्हटलं, तू सांगशील तेव्हा. तो म्हणाला की लवकर कर, कारण हत्तीदळ रंगवायला घेतोय आणि ते दोन्ही डोळ्यांनी बघायचं आहे.

तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारून पुढची तारीख घे. सोबत तोही यायचं म्हणतोय. ताईला सांग, पाहुणा भिडस्त आहे, पण चहाचा चोथा टाकू देत नाही.

तुम्हा दोघींची नजर आम्हांवर अशीच राहो.

तुझा,
मामा